नमुना आठवर आईचं नाव लागेपर्यंत

जुलै २०२३ मध्ये, इर्शाळवाडीवर दरड आली त्याच आठवड्यात, आमच्या गावच्या घराची मागची भिंत बसली. आई गावी एकटीच होती. भिंतीतून पाणी झिरपायला लागलं म्हणून संध्याकाळीच ती शेजारी तात्यांकडे, म्हणजे माझ्या चुलत्यांकडे, झोपायला गेली होती. म्हणून वाचली. चार दिवसांनी पंचनाम्याला माणसं आली. त्यांनी विचारलं, “घर कोणाच्या नावावर?” आई म्हणाली, “ह्यांच्या.” वडील ऑगस्ट २०२२ मध्ये नवी मुंबईत, कोपरखैरण्याला, वारले होते. पुढचा प्रश्न आला, वारस नोंद झाली का? झाली नव्हती. म्हणून नुकसानीची सरकारी मदत आम्हाला मिळाली नाही. भिंत आणि वरचे पत्रे मिळून ८६ हजार रुपये आम्ही घरातून घातले.

तेव्हाच ठरवलं की घराचा कागद, म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठ, नीट करायचा. ते काम २ ऑक्टोबर २०२४ ला पुरं झालं. मधले महिने कसे गेले ते सविस्तर लिहितोय, कारण आमच्यासारखी बंद घरं खोऱ्याखोऱ्यांत आहेत आणि त्यांची मुलं माझ्यासारखीच मुंबई-ठाण्यात आहेत.

गाव कांदाटी खोऱ्यातलं. जिल्हा सातारा, तालुका महाबळेश्वर. तापोळ्याला कोयना, सोळशी आणि कांदाटी एकत्र येतात. १९६४ साली कोयना धरण पुरं झालं आणि या नद्यांकाठची भातखाचरं, घरं, देवळं शिवसागराच्या पाण्याखाली गेली. कितीतरी कुटुंबं सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे अशी पांगली. आमच्यासारखी काही उतारावर वर सरकली आणि तिथेच राहिली. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला सह्याद्रीची धार, भोवती जंगल. आमच्या तालुक्याच्या गावाला जायला पाणी ओलांडावं लागतं. रघुवीर घाटाने उतरलं तर मात्र सरळ कोकणात, खेडला. त्यामुळे कागदोपत्री आम्ही महाबळेश्वरचे आणि बाजारहाटाला खेडचे.

माणसं विरळ. आमच्या वाडीत बावीस घरं, पावसाळ्यात चूल पेटते ती सात घरांत. बाकीचे माथाडी, रिक्षावाले, कंपन्यांत कामाला, सगळे मुंबईकडे. मतदार यादीत मात्र नावं गावाचीच. एका गावाला स्वतंत्र ग्रामपंचायत परवडत नाही म्हणून तीन महसुली गावं मिळून एक गट ग्रामपंचायत, सात सदस्य आणि सरपंच. ग्रामसेवक, ज्यांना आम्ही भाऊसाहेब म्हणतो, त्यांच्याकडे दोन ग्रामपंचायतींचा कारभार. आमच्याकडे ते आठवड्यातून दोन दिवस येत. लाँच चुकली तर तोही दिवस गेला. पंचायत समितीचा सदस्य गाठावा म्हटलं तर मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यापासून जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांवर प्रशासक होते. म्हणजे मतं मागायला आलेला माणूस म्हणून जाऊन भेटावं असं तालुक्याला कोणीच नव्हतं.

डिसेंबर २०२३ माझा एका गैरसमजात गेला. कोणीतरी म्हणालं, “आठचा उतारा काढ.” मी महाभूमीच्या ‘डिजिटल सातबारा’ संकेतस्थळावर जाऊन १५ रुपये भरून डिजिटल सहीचा आठ-अ काढला आणि त्यावर घर शोधत बसलो. आठ-अ हा तलाठ्याकडचा, शेतजमिनीच्या खात्याचा उतारा. घराचा असतो तो ग्रामपंचायतीचा नमुना आठ, करआकारणीची नोंदवही. दोन्हींना लोक सरसकट ‘आठ’ म्हणतात. अजून एक गोष्ट तेव्हा कळली. नमुना आठ हा कर ठरवण्यासाठीचा कागद आहे, मालकीचा अंतिम पुरावा नाही. तरी वीज मीटर, घरकुल, पंचनामा, नुकसानभरपाई, सगळीकडे पहिला तोच मागतात.

२६ जानेवारी २०२४ शुक्रवारी आला. त्या दिवशी ग्रामसभा असते आणि भाऊसाहेब नक्की भेटतात, म्हणून तोच मुहूर्त धरला. रात्रीच्या एसटीने महाबळेश्वर, तिथून वडापने तापोळा, तिथून लाँच. जानेवारीत पाणी बऱ्यापैकी असतं, लाँच धक्क्यापर्यंत जाते.

झेंडावंदन झालं, ग्रामसभेला माणसं जमेनात. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातली जी संख्या कमी असेल तेवढे लागतात. आमच्याकडे १५ टक्के म्हणजेसुद्धा मुंबईहून दोन गाड्या भरून माणसं यायला हवीत. सभा तहकूब झाली. तहकूब सभेला ती अट नसते, म्हणून ती नंतर होते. पण त्या दिवशी मला वाटलं होतं की आपण उभं राहून विषय मांडू आणि मंजुरी होईल. सरपंच वहिनी समजुतीने म्हणाल्या, “भाऊजी, वारस नोंद ग्रामसभेत नाही लागत. अर्ज द्या, मासिक सभेत घेऊ.” म्हणजे मी सभेसाठी आलो ते चुकलंच होतं. पण त्यामुळे दप्तर उघडलं गेलं.

भाऊसाहेबांनी लोखंडी कपाटातून नोंदवही काढली. लांबरुंद, कडा कुरतडलेली, वर जाड पुठ्ठा. आमच्या घर क्रमांकावर बोट ठेवून त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. ‘मालकाचे नाव’ या रकान्यात वडिलांचं नाव नव्हतंच. आजोबांचं होतं. वडिलांचं नाव शेजारच्या रकान्यात, ‘भोगवटादार’ म्हणून. आजोबा १९९१ साली गेले. एकतीस वर्षं वडील दरवर्षी घरपट्टी भरत होते, पावत्या एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेवत होते, आणि मालक म्हणून नाव आजोबांचंच चालू होतं. वडिलांना ते माहीत होतं का, हे आता कोणाला विचारणार?

एका पिढीची वारस नोंद दोन पिढ्यांची झाली. आता तात्या आले, दोन्ही आत्या आल्या, आणि वडिलांच्या जागी आई, ताई आणि मी. आजोबांच्या मृत्यूची नोंद लागणार. तीच मिळाली नाही तर काय, या विचाराने माझ्या पोटात गोळा आला. भाऊसाहेब चहा प्यायले आणि खालच्या खणातून बासनात बांधलेल्या वह्या काढल्या. शिपायाने आणि मी मिळून एकेक उघडली. तिसऱ्या वहीत सापडलं. निळी शाई, जरा फिकटलेली: आजोबांचं नाव, वय अंदाजे ७०, धंदा शेती, कारण ताप. खबर देणाऱ्याचं नाव म्हणून वडिलांची सही. तेव्हा ते तिशीत असतील. ती सही, ‘र’ची शेपटी लांब ओढायची सवय, मी त्यांच्या पासबुकांवर पाहिली होती. मी वही बराच वेळ तशीच धरून बसलो. भाऊसाहेबांनी घाई केली नाही, याबद्दल त्यांचे आभार मी कधी तोंडाने मानले नाहीत, इथे मानतो.

मृत्यूच्या दाखल्याच्या दोन प्रती घेतल्या. दोन घ्याच, एक अर्जाला जाते आणि दुसरी सातबाऱ्याला लागते.

फेब्रुवारीत कागद जमवले. वडिलांचा मृत्यू दाखला महापालिकेचा. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र मी नवी मुंबईत करून घेतलं, १०० रुपयांचा स्टॅम्प आणि नोटरीचे ३५०. स्टॅम्पचे नियम त्यानंतर बदलले आहेत, त्यामुळे आता करणाऱ्याने आधी चौकशी करावी. सगळ्यांची आधार कार्डं, रेशन कार्ड, घरपट्टीची शेवटची पावती. घरपट्टी दोन वर्षं थकली होती, ७१४ रुपये, ती आधीच भरून टाकली. थकबाकी असताना अर्ज पुढे सरकत नाही.

खरा वेळ गेला तो माणसांत. तात्यांचं स्वतःचं घर वेगळं आहे, ते म्हणाले, “तुमचं घर तुम्ही लावा नावावर, मी सही देतो.” आत्यांचंही तसंच. मला वाटलं झालं. पण भाऊसाहेबांनी फोनवर सरळ सांगितलं, की वारस म्हणून सगळ्यांची नावं लागतील. कोणाचा हक्क कमी करायचा असेल तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवून आणा, साध्या कागदावरची संमती मी धरणार नाही. तेव्हा मला हे अडवणुकीसारखं वाटलं होतं. आज वाटतं, त्यांनी बरोबर केलं. आत्यांनी इतक्या सहज सोडलं, पण त्यांना कोणी नीट विचारलं तरी होतं का? मी ताईशी बोललो. ताई म्हणाली, “लाव की सगळ्यांची नावं. घर काय विकायचंय का आपल्याला?” मग ठरलं: मालकाच्या रकान्यात आजोबांचे सगळे वारस, आणि भोगवटादार म्हणून आई. कारण त्या घरात राहते ती एकटी आई.

थोरली आत्या खेड तालुक्यात दिलेली. तिची सही घ्यायला कोकण रेल्वेने खेडला गेलो, रात्र तिच्याकडे काढली. सही करताना तिने विचारलं, “म्हणजे माझं नाव लागणार बापाच्या घराला?” मी हो म्हटलं. ती काही बोलली नाही, सकाळी निघताना मात्र तांदळाची पिशवी आणि कोकमं बांधून दिली. तिथून एसटीने रघुवीर घाट चढून खोऱ्यात उतरलो. ही वाट मला सोपी वाटली, पण उन्हाळ्यापर्यंतच. पावसात घाटात दरडी येतात.

१८ मार्च २०२४, सोमवार. अर्ज दिला. दोनच दिवसांपूर्वी, १६ तारखेला, लोकसभेची आचारसंहिता लागली होती. असली रोजची कामं आचारसंहितेत थांबत नाहीत, पण भाऊसाहेबांना निवडणुकीचं काम आणि प्रशिक्षण होतं. अर्जाची पोच घ्या, हे मी कळकळीने सांगतो. माझ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि सही असं सगळं घेतलं. पुढे मे महिन्यात ‘अर्ज कधी दिला होता?’ हा प्रश्न निघाला तेव्हा तो शिक्का कामाला आला. आणि झेरॉक्स पाण्याच्या अलीकडे, तापोळ्यात किंवा खेडमध्येच काढून न्या. गावात मशीन नाही. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती, चार पासपोर्ट फोटो आणि सुट्टे पैसे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत. लाँचमध्ये पाणी उडतं.

हरकतीची नोटीस तीस दिवसांसाठी लागली, एक ग्रामपंचायतीच्या फलकावर, एक वाडीतल्या देवळाच्या खांबावर. एप्रिलच्या मासिक सभेला निम्मेही सदस्य हजर नव्हते. बहुतेक मुंबईत, एकजण आजारी. गणपूर्ती नाही म्हणून सभा झाली नाही. मी त्यासाठी रजा टाकून गेलो होतो. मला राग आला, आणि परतताना लाँचमध्ये त्याच सदस्यांपैकी एकाचा भाऊ भेटला. सदस्य म्हणजे कोण, तर एका गोदामात पाठीवर पोती वाहणारा माणूस. महिन्यातून एका सभेसाठी त्याने दोन दिवसांची मजुरी बुडवून यावं ही अपेक्षा मीच करत होतो. राग पुरता गेला नाही, पण कोणावर करावा ते कळेना.

साताऱ्याचं मतदान ७ मे ला होतं. सदस्य मतदानाला येणार, त्याच दिवसांत जत्राही होती. म्हणून सरपंच वहिनींनी मासिक सभा त्याला जोडून ९ मे ला ठेवली. हे त्यांनी आपणहून केलं. विरळ गावाचा कारभार ज्याला चालवायचा त्याला अशीच तारीख शोधावी लागते, ही समज त्यांच्याकडे आहे.

मे मध्ये पाणी पार उतरलेलं असतं. लाँच लांबवरच थांबते, मग गाळातून अर्धा-पाऊण तास चालायचं. जुन्या गावाच्या घरांचे चौथरे उघडे पडतात. आई त्यातला एक दाखवून म्हणते, हा आपला. मी तिच्याबरोबर दोन-तीनदा तिथे उभा राहिलोय, त्या मे मध्ये जास्तच वेळ.

सभेत एक हरकत आली. भावकीतल्या एकाचं म्हणणं, पडवीचा एक भाग सामाईक जागेत येतो. भांडण नव्हतं, पण विषय नोंदवला गेला. भाऊसाहेब म्हणाले, उद्या मोजू. तसंही नोंदवहीत घर ‘दगड-माती, कौलारू’ होतं आणि आता वर पत्रे होते, त्यामुळे मोजमाप करावंच लागणार होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाई टेप घेऊन आला. टेपचं एक टोक आईने धरलं, उंबऱ्यापासून सुरुवात केली. शिपाई आकडे ओरडून सांगायचा, भाऊसाहेब लिहायचे, आणि हरकत घेणारे काका शेजारी उभे राहून प्रत्येक आकडा स्वतः वाकून बघायचे. आईने पदर कमरेला खोचला होता. मागच्या नव्या भिंतीशी आल्यावर तिने टेप भिंतीला इतका घट्ट दाबून धरला की शिपाई म्हणाला, “मावशी, सैल सोडा जरा.” पडवी दीड फूट पुढे निघाली. ती सोडून मोजमाप धरायचं असं तिथेच ठरलं, काकांनी हरकत मागे घेतल्याचं लिहून दिलं, आणि सगळ्यांनी आमच्याकडेच चहा घेतला. दीड फुटासाठी मी वाद घातला असता. आईने घातला नाही.

१० मे नंतर थांबणं सुरू झालं. ठराव जूनच्या सभेत मंजूर झाल्याचं फोनवर कळलं. इतिवृत्त लिहिलं गेलं, ठराव क्रमांक मिळाला. तो लिहून ठेवा. पुढचं प्रत्येक बोलणं त्यावरूनच होतं. मग पाऊस लागला. घाट दोनदा बंद झाला, लाँचचा भरवसा नव्हता, फोनला रेंज फक्त देवळाच्या वरच्या टेकाडावर. जुलैभर मी काहीच केलं नाही. करण्यासारखं काही नव्हतंच.

१५ ऑगस्टला गेलो. हस्तलिखित वहीत नोंद झाली होती, भाऊसाहेबांनी दाखवली. पण संगणकावरून उतारा काढला तर त्यावर अजून आजोबाच. वहीतला बदल संगणकात भरायचा असतो, आणि ऑपरेटर आठवड्यातून एकदा, तेही नेट असेल तेव्हा. हा शेवटचा टप्पा लोक विसरतात. वहीत नाव लागलं म्हणून घरी येतात आणि वर्षभराने कळतं की छापील उताऱ्यात जुनंच आहे. मी सप्टेंबरमध्ये नमुना आठच्या उताऱ्यासाठी रीतसर अर्ज केला. ही सेवा लोकसेवा हक्क कायद्याखाली येते, तेव्हा फी २० रुपये आणि मुदत पाच दिवस होती. अर्जाचा क्रमांक भाऊसाहेबांना कळवला. त्यांनी त्या शनिवारी ऑपरेटरला तापोळ्याला बसवून नोंद भरून घेतली. तिथे नेट बरं चालतं.

एकूण खर्च, प्रवास धरून, सुमारे ९,४०० रुपये. त्यात सरकारी फी आणि घरपट्टी मिळून हजारही नाहीत. बाकी सगळा पाण्याचा, घाटाचा आणि बुडालेल्या रजांचा. पैसे कोणी मागितले नाहीत, मी दिले नाहीत.

आमचं घर गावठाणात नाही, वर सरकल्यामुळे आमच्याच जमिनीत आहे. त्यामुळे स्वामित्व योजनेची ड्रोन मोजणी आणि मिळकत पत्रिका आम्हाला लागू नाही, ती गावठाणातल्या घरांसाठी. ज्यांचं घर गावठाणात आहे त्यांनी मात्र तेही बघावं. आम्हाला सातबाऱ्याची वारस नोंद वेगळी करावी लागणार, तलाठ्याकडे. तिचा अर्ज ‘ई-हक्क’ या सरकारी संकेतस्थळावरून भरलाय. आजोबांच्या दाखल्याची दुसरी प्रत तिथे लागली.

२ ऑक्टोबरला उतारा आईच्या हातात दिला. तिने चष्मा लावून आधी मालकाचा रकाना वाचला, तात्या, दोन्ही आत्या, स्वतः, ताई, मी. सगळी नावं मोठ्याने. मग शेजारचा रकाना. तिथे एकच नाव होतं. ती म्हणाली, “ह्या वर्षाची पट्टी भरलीस का?” नव्हती भरली. ती उठली, डब्यातून पैसे काढले आणि ग्रामपंचायतीच्या पायऱ्या स्वतः चढून गेली. २६० रुपये. पावती तिच्या नावाची निघाली. ती आता त्याच पत्र्याच्या डब्यात, वडिलांच्या पावत्यांच्या वर आहे.